गीझरची अक्कलदाढ

हिंगोलीच्या माणसाला घर गरम कसं ठेवावं हे शिकवणं म्हणजे कोळ्याच्या पोराला पोहण्याचा क्लास लावण्यासारखं आहे. आमच्याकडे हे खातं सूर्यनारायण जातीनं सांभाळतात, आणि एप्रिल-मे या दोन महिन्यांत ते इतक्या तन्मयतेनं सांभाळतात की रात्री आठ वाजता भिंतीला टेकून बसलेला माणूस पाठ भाजली म्हणून पुढे सरकून बसतो. दुपारी हात धुवायला नळ सोडला तर धुणारा जागच्या जागी नाचतो. त्यामुळे कॅनडातल्या माझ्या मेव्हणीनं जेव्हा फोनवर मोठ्या अभिमानानं सांगितलं, की "ताई, आम्ही घराला स्मार्ट थर्मोस्टॅट बसवलाय, घर आपोआप गरम होतं," तेव्हा आमची ही शांतपणे म्हणाली, "आमचं पण होतं गं."

पण वाचकहो, वर्ष बारा महिन्यांचं असतं आणि हिंगोलीच्या वाट्यालाही मार्गशीर्ष-पौष येतात. कयाधूकडून पहाटे जो वारा सुटतो तो आपल्याच पांघरुणाचा पत्ता विचारत येतो. पारा दहा-बारावर उतरतो. कॅनडाच्या मानानं हे ऊनच म्हणायचं. पण आमची घरं मे महिन्याच्या हिशेबानं बांधलेली. त्यामुळे डिसेंबरात घरात कुठंही बसलं तरी अंगणात बसल्यासारखं वाटतं. तरी घर तापवायचा विचार आमच्याकडे कुणाच्या डोक्यात येत नाही. आम्ही माणूस तापवतो. आतून चहानं आणि बाहेरून आंघोळीच्या पाण्यानं. तेव्हा उष्णतेच्या बचतीचा आमचा जो काही प्रश्न आहे तो सगळा मोरीत आहे.

मेव्हणीच्या त्या थर्मोस्टॅटची गंमत मात्र सांगायलाच हवी. हे यंत्र म्हणे घरातल्या माणसांच्या सवयी शिकतं. माणसं उठतात कधी, कामावर जातात कधी, हे ध्यानात ठेवतं आणि घरात हालचाल दिसेनाशी झाली की घर रिकामं समजून आपणहून भट्टी मंद करतं. मध्यंतरी एका हिवाळ्यात माझ्या सासूबाई तिकडे गेल्या. लेक-जावई कामावर गेले की त्या खुर्चीत बसून जप करायच्या. दोन-दोन तास. त्यात हालणार काय, तर माळेचे मणी. यंत्रानं निष्कर्ष काढला की घरात कोणी नाही. बाहेर उणे वीस. घर गार पडत चाललं, तशी सासूबाईंची खात्री पटली की देव परीक्षा पाहतोय. म्हणून त्यांनी आणखी एक माळ धरली. संध्याकाळी लेक परतली तेव्हा मातोश्री दोन रजयांवर जावयाचा ओव्हरकोट चढवून चौथ्या माळेवर होत्या. पुढे मुक्काम संपेपर्यंत त्या दर पंधरा मिनिटांनी उठून त्या यंत्रासमोर हात हलवून यायच्या. हिंगोलीत परतल्यावरही काही दिवस विजेच्या मीटरसमोरून जाताना त्यांचा हात वर व्हायचा.

यंत्राला असली अक्कल द्यायची कल्पना मुळात एका मास्तराची, हे वाचून मला फार बरं वाटलं. मीही बत्तीस वर्षं मास्तरकीच केली. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या व्हाइटवॉटर गावी शिक्षक घडवणाऱ्या शाळेत वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक होते. तिथं वर्गांची ऊब भट्टीवरून कमीजास्त करायची, आणि त्यासाठी कुठल्या वर्गात किती गारठा आहे हे पाहायला शिपाई वर्गावर्गांतून हिंडायचा. इकडे शिकवण्याला रंग चढावा आणि दार उघडून शिपाई आत! जॉन्सनसाहेबांनी डोकं लढवून विजेवर चालणारा थर्मोस्टॅट तयार केला आणि १८८३ साली त्याचं पेटंट घेतलं. म्हणजे जगाच्या ऊर्जाबचतीचा पाया एका मास्तरानं शिपायाला वर्गाबाहेर ठेवण्यासाठी घातला. माझ्या वर्गात शिपाई सूचनेची वही घेऊन यायचा. त्यावरचा उपाय अजून निघालेला नाही.

त्याच अमेरिकेत १९७७ च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर लोकरीचं कार्डिगन घालून दूरचित्रवाणीवर आले आणि म्हणाले, बाबांनो, घरातली ऊब दिवसा ६५ आणि रात्री ५५ अंशांवर ठेवा, म्हणजे गॅस वाचेल. हे अंश फॅरनहाइटचे. दिवसाचे ६५ म्हणजे आपले अठरा. तिकडे बचतीचं आवाहन स्वेटर चढवून करतात. हिंगोलीत करायचं तर पुढाऱ्याला सदरा काढून यावं लागेल.

असो. मी मोरीतल्या गोष्टीकडे येतो.

माझ्या लहानपणी मोरीच्या बाहेर तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी, खाली राखेची जाळी, वर धुराडं आणि बाजूला तोटी. हे यंत्र ज्यानं काढलं त्याचं नाव कुठल्या पुस्तकात मला सापडलं नाही. पण विस्तव पोटात आणि पाणी चारी बाजूंनी, म्हणजे उष्णतेला निसटायला वाट फक्त वरून, ही काय साधी गोष्ट आहे? त्यावर आमची आजी म्हणजे साक्षात थर्मोस्टॅट. पहाटे ती बंबात तुराट्या घालायची. तुराट्या म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या. भसकन पेटतात आणि भसकन संपतात, म्हणून पाठोपाठ एखादं बाभळीचं ढलपं. पाणी तापलं की नाही हे ती बंबाला हात लावून न पाहता आवाजावरून सांगायची. आधी सूंऽऽ असा आवाज, मग घुमल्यासारखा, मग शांत. शांत झाला की ती ढलपं ओढून पाण्यानं विझवायची. तो कोळसा दुपारी शेगडीत. राख भांड्यांना. एक काडी म्हणून वाया जाणार नाही. आज याला ऊर्जेचा पुनर्वापर का काय ते म्हणतात. आजी याला "उधळमाणके, तुझ्या बापानं लाकडाची वखार घातलीय का?" असं म्हणायची.

आंघोळीचा क्रमही ठरलेला. आधी आजोबा, मग अप्पा म्हणजे माझे वडील, मग काका, मग शाळेची मुलं, शेवटी बायका. प्रत्येकानं घंघाळात कढत पाणी घ्यायचं, त्यात विसण घालायचं, आणि जेवढं गरम पाणी काढलं तेवढं गार बंबात वरून ओतायचं. जो ओतणार नाही त्याचा उद्धार पुढचा माणूस करायचा. यातलं विसण मला अजून थोर वाटतं. पाण्याची ऊब आपल्या कातडीला सोसेल इतकी करणं, एवढ्यासाठी मराठीनं एक स्वतंत्र शब्द ठेवलाय. आई कोपर बुडवून बघायची आणि लहान्याच्या अंगावर पहिला तांब्या पडायचा. त्या कोपरात अंश लिहिलेले नव्हते, पण कोणी भाजल्याचं मला आठवत नाही. आमच्या जिल्ह्यात आजही हळद शिजवणारा जुना माणूस कढईजवळ तापमापक घेऊन उभा राहत नाही. वर फेस येतो, वाफेचा वास बदलतो, कांड्यात काडी सहज रुतते, की झालं.

मग गीझर आला. आता गीझर हा शब्द आइसलंडचा. तिथं गायसिर नावाचा गरम पाण्याचा झरा आहे, जमिनीतून उसळतो. आमच्या शेजारी नांदेड जिल्ह्यात उनकेश्वरलाही गरम पाण्याचे झरे आहेत. पण झऱ्याला बिल येत नाही. गीझरला येतं, आणि ते आलं की आमच्या घरात दर महिन्याला संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी झाली नसेल एवढी गंभीर चर्चा होते.

कारण शंभर युनिटांची वेस. घरगुती विजेचा दर शंभर युनिटांपर्यंत एक आणि त्यापुढे एक, आणि पुढचा दर मागच्याच्या दुपटीच्या आसपास. त्यामुळे एकशे एकावं युनिट घरात शिरलं की आमची ही त्याच्याकडे परक्या माणसाकडे पाहावं तसं पाहते. हे युनिट आलं कुठून? कुणी आणलं? आणि सगळ्यांच्या नजरा मोरीच्या वर टांगलेल्या त्या पांढऱ्या डेऱ्याकडे वळतात.

हिशेब मी मास्तर असल्यामुळे पाटीवर मांडून दाखवला. आमचा गीझर पंचवीस लिटरचा. टाकीतलं वीस अंशांचं पाणी साठ अंशांवर न्यायचं तर पंचवीस गुणिले चाळीस, म्हणजे १००० किलोकॅलरी लागतात. एका युनिटात असतात ८६०. म्हणजे एका भरल्या टाकीला सव्वा युनिटाला थोडं कमी, आणि दोन हजार वॅटच्या दांडीला त्यासाठी पस्तीसेक मिनिटं. एवढं झाल्यावर आतला थर्मोस्टॅट वीज तोडतो. इथवर सगळं सज्जनपणाचं. पण बटण वर चालूच राहिलं तर पाणी जरा निवलं की तो पुन्हा वीज जोडतो, पुन्हा तोडतो, पुन्हा जोडतो, आणि हा उद्योग दिवसभर, रात्रभर, आपण लग्नाला औरंगाबादला, आता छत्रपती संभाजीनगरला, गेलो तरी चालू.

आमच्या शेजारच्या एका सद्गृहस्थांचा सिद्धांत असा, की गीझर सतत चालू ठेवणंच स्वस्त. बंद केला तर पुन्हा पहिल्यापासून तापवावं लागतं. हा सिद्धांत गावोगाव आहे आणि तो मांडणारा नेहमी जिन्यात उभा असतो. वस्तुस्थिती अशी, की पाणी जितकं गरम आणि बाहेर जितकं गार, तितकी उष्णता जास्त गळते. सतत तापलेलं पाणी सतत गळतं. निवलेलं पाणी कमी गळतं, आणि गार झालेलं गळतच नाही. हे मी त्यांना तीन वेळा समजावलं. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "ते पुस्तकात."

पण या सगळ्यात मला खरं टोचतं ते वेगळंच. परळीला कोळसा जाळतात. कशासाठी? पाणी तापवायला. त्या पाण्याची वाफ, वाफेनं चाक फिरवायचं, चाकानं वीज. या भानगडीत कोळशातली जवळजवळ दोन तृतीयांश उष्णता हवेत जाते. उरलेली तारांवरून हिंगोलीला येते, थोडी वाटेत सांडते, आणि इथं आल्यावर आम्ही तिचं काय करतो? तर पाणी तापवतो! आजीला हे सांगितलं असतं तर तिनं सगळ्या वीज मंडळाला पाट्यावर बसवून हिशेब विचारला असता. बरं, त्या केंद्रालाही पाणी लागतंच. २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचं केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. म्हणजे पाणी नाही म्हणून पाणी तापत नव्हतं.

मग सूर्यावरचा बंब का बसवत नाही, असं कोणी विचारील. आमच्या गल्लीत तिघांनी बसवलाय आणि छान चालतो. पण आमचं बोअरचं पाणी जड. नळ्यांत क्षार धरतो. शिवाय सूर्याचं पाणी दिवसा तापतं, आणि अप्पांना ते पहाटे चारला लागतं.

अप्पांचं वय शहाऐंशी. पहाटे चारला उठणं, गरम पाण्यानं आंघोळ, मग पूजा, हा क्रम साठ-सत्तर वर्षांचा. ऐन भारनियमनाच्या दिवसांतही चुकला नाही. अलीकडे एवढंच झालं, की गीझरचं बटण लावलं की ते बंद करायचं राहून जातं. ते राहून जातं हे घरात कोणी मोठ्यानं म्हणत नाही. सून उठली की गुपचूप बंद करते.

चिरंजीव पुण्यात संगणकाच्या कंपनीत. त्यांनी दिवाळीला येताना एक डबी आणली. सोळा अँपिअरची. ती गीझरच्या आधी भिंतीत बसवायची, तिला वायफाय जोडायचं, की गीझर कधी लागला, किती वेळ चालला, किती युनिटं खाल्ली, हे सगळं पुण्यात फोनवर दिसतं. पंचवीस मिनिटांनी आपोआप बंद. पुण्यातून वेळापत्रकही लावता येतं. वायरमननं डबी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "सर, ह्ये कायला लावायलात?" मी म्हटलं, "गीझरला अक्कल यावी म्हणून." तो म्हणाला, "अक्कलदाढ हाय म्हणा की. दुखती का बघा."

दुखायला दुसऱ्या दिवशीच सुरुवात झाली. चिरंजीवांनी वेळ लावली होती पावणेसहाची, कारण त्यांच्या मते त्याआधी माणसं उठत नाहीत. अप्पांनी चारला तोटी सोडली. गार. त्यांनी आवाज केला नाही. ओल्या पंचानं बाहेर येऊन खुर्चीत बसले आणि मी उठल्यावर इतकंच म्हणाले, "माझ्या अंगावर पाणी कधी पडायचं हे आता पुण्यात ठरणार का रे?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. आमच्या औंढा नागनाथजवळ लायगो नावाची प्रयोगशाळा व्हायची आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागाइतका फरक त्या टिपणार, असं सांगतात. आकाशात कुठं कृष्णविवरं एकमेकांवर आदळली तर हिंगोली जिल्ह्याला कळेल. पण शहाऐंशी वर्षांच्या माणसाला काय लागलं, हे मोजायचं यंत्र त्या डबीत नव्हतं. मी चिरंजीवांना फोन केला. पोरगा गुणी, वेळापत्रक तिथल्या तिथं काढून टाकलं. ठरलं असं, की बटण अप्पांनीच दाबायचं, त्यांच्या वेळेला. बंद मात्र ते आपोआप होणार. अप्पांना हे मानवलं. लावायचा मान त्यांच्याकडे राहिला, आणि बंद करायला विसरण्याचा प्रश्नच उरला नाही. महिन्याला आमची युनिटं वेशीच्या आत आली. ही तर बिलाला हळदकुंकू लावायची तेवढी राहिली.

पौषात एके दिवशी पहाटे साडेचारला माझा फोन वाजला. या वेळेचा फोन म्हणजे पोटात गोळाच. चिरंजीव. आवाज कोरडा. "बाबा, अप्पा ठीक आहेत ना? गीझर लागला नाही अजून."

तेव्हा मला कळलं, की दोन महिने रोज पहाटे चारला पुण्यात त्याच्या उशाशी फोन टुंग करत होता. तो बंद करून ठेवू शकला असता; ठेवला नव्हता. मी अनवाणीच मोरीकडे धावलो. मोरीत अंधार. अप्पांच्या खोलीत अंथरुणाची नीट घडी, अप्पा नाहीत. मागच्या दाराच्या फटीतून लाल उजेड दिसला.

अंगणात बंब पेटला होता. वाटेकऱ्यानं शेतातून तुराट्यांचा भारा आणून टाकला होता, तो पाहून अप्पांना राहवलं नसावं. आदल्या दिवशी माळ्यावरून बंब कुणाकडून उतरवून घेतला, चिंच लावून कधी घासला, देव जाणे. गुडघ्याला कानटोपी टेकवून ते शेकत बसले होते आणि कान बंबाकडे. मला पाहून बोट ओठावर ठेवलं. बंब घुमत होता. थोड्या वेळानं शांत झाला, तेव्हा म्हणाले, "तापलं."

मी फोन त्यांच्या हातात दिला. ते काय बोलले ते मी ऐकलं नाही. मी ढलपं ओढत होतो. पण बराच वेळ बोलले.

त्यानंतर बंब काही माळ्यावर गेला नाही. तुराट्या संपेपर्यंत आंघोळ बंबावरच, असं अप्पांनी जाहीर केलं. मात्र रोज पहाटे चारला ते मोरीत जातात, गीझरचं बटण दाबतात, दोन मिनिटं तिथं उभे राहतात, पुन्हा दाबून बंद करतात आणि मग अंगणात जातात. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "हजेरी."

दोन हजार वॅटची दोन मिनिटं म्हणजे एका युनिटाचा पंधरावा भाग. महिन्याला दोन युनिटं. पाणी कोमटसुद्धा होत नाही. विजेच्या दृष्टीनं ही शुद्ध उधळपट्टी आहे आणि आमच्या घरात तिच्याविरुद्ध अजून कोणी बोललेलं नाही, हीसुद्धा नाही.

फक्त ही हजेरीची गोष्ट चिरंजीवांना कोणी सांगितली नव्हती. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला: गीझर दोन मिनिटांत बंद पडतोय, दांडीला क्षार धरला असणार, दांडी जळेल, आजच्या आज वायरमनला दाखवा. वायरमन आला. अप्पांनी त्याला आधी बंबाजवळ बसवून चहा पाजला, मग मोरीत नेलं, मग बाहेर आणून आणखी अर्धा कप दिला. त्यानं झाकण न उघडताच पुण्याला फोन लावला आणि अप्पांकडे बघत म्हणाला, "दादा, जुना पीस हाय. त्याला तशीच सवय लागलीय. असंच चालू द्या."

आणि माझ्याकडून दीडशे रुपये घेऊन गेला.